तोंडात बघायचं कुणी?

जुलै 2012 मध्ये महाराष्ट्र सरकारने दोन मोठी पावलं उचलली. महिन्याच्या सुरुवातीला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गरीब घरातल्या माणसाची कॅन्सरची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो सरकारी पैशातून होण्याची सोय झाली. ती योजना पुढे राज्यभर पोचली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच महिन्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत आली.

रोग होऊ नये म्हणून बंदी, आणि झालाच तर उपचाराला पैसा. दोन्ही निर्णय चांगले होते आणि त्यांनी माणसं वाचवली आहेत. पण तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. पहिल्या पुडीपासून पहिल्या गाठीपर्यंत बहुतेकांची दहा, पंधरा, वीस वर्षं जातात, आणि त्या सगळ्या काळात तोंड खुणा दाखवत असतं. आतड्यातला किंवा फुफ्फुसातला रोग लपून राहतो, त्याला शोधायला यंत्रं लागतात. तोंडातला रोग उजेडात बसलेला असतो. एक टॉर्च, गाल बाजूला धरायला एक लाकडी पट्टी आणि काय बघायचं ते शिकलेले दोन डोळे एवढंच लागतं. तरीही टाटा रुग्णालयापासून बार्शी-नागपूरपर्यंत कुठल्याही कॅन्सर रुग्णालयाच्या बाहेर उभं राहिलं, तर तोंडाचे बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात आलेले दिसतात. या मधल्या वर्षांत माणसाच्या तोंडात बघण्याचं काम कुणाचं, हे आपण कधी नीट ठरवलंच नाही. माझ्या मते या रोगाविरुद्धच्या लढाईतलं सर्वांत मोठं भगदाड हेच आहे.

2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 44 हजार नवे रुग्ण निघाले आणि जवळपास 80 हजार माणसं त्याने गेली. जगातल्या या रोगाच्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त आपले. कारणही उघड आहे. 2016-17 च्या प्रौढांमधील तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे चार टक्क्यांहून कमी निघाले, आणि तोंडात धरायची तंबाखू वापरणारे जवळपास 24 टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू ओढली जाते त्याच्या कितीतरी पट खाल्ली जाते. पश्चिमेकडच्या देशांत हा रोग जिभेवर आणि जिभेखाली जास्त दिसतो. आपल्याकडे तो बहुतेकदा खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधल्या खाचेत सुरू होतो, कारण बार तिथे भरला जातो. ज्या गालात तंबाखू, त्याच गालात चट्टा. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो. माणूस खुर्चीत बसल्यावर खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, कुठल्या बाजूला धरतो ते त्याला विचारावं लागत नाही, गालाची आतली कातडीच सांगते.

खुणा कोणत्या, ते सविस्तर सांगायला हवं, कारण त्या माहीत नसल्यामुळेच माणसं मरतात. पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा. त्याहून धोकादायक लाल, मखमलीसारखा चट्टा; तो दुखत नाही म्हणून कुणी मोजत नाही. पंधरा दिवस-तीन आठवडे होऊनही न भरणारी जखम. खालच्या हिरडीत कारण नसताना हलायला लागलेली दाढ. जिभेच्या कडेला कडक लागणारी जागा. मानेत बोटाला लागणारी, न दुखणारी गाठ. आणि आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी खूण म्हणजे हळूहळू आखडत जाणारं तोंड.

या शेवटच्या खुणेमागच्या आजाराबद्दल जरा थांबून लिहायला हवं. मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये भारतातल्या रुग्णांमधला हा आजार नोंदवला, त्याच्या वर्षभर आधी नैरोबीतल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन झालं होतं. गालाच्या आतली मऊ, लवचीक कातडी पांढुरकी आणि ताठ होत जाते, हात लावला तर दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. सुरुवातीला रुग्ण एवढंच सांगतो की तिखट सोसत नाही, वरण-भात खाल्ला तरी झोंबतं. मग जांभई पूर्ण येत नाही. मग पाणीपुरी तोंडात जात नाही; कॉलेजची मुलं दवाखान्यात येतात ती बहुतेकदा याच तक्रारीने. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का, ही घरच्या घरी करायची चाचणी. जात नसतील तर दवाखाना गाठायचा. हा आजार मागे फिरवता येत नाही. इंजेक्शनं, व्यायाम, शस्त्रक्रिया यांनी तोंड थोडं जास्त उघडतं, पण कॅन्सरची टांगती तलवार राहतेच. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा 17 वर्षं पाठपुरावा झाला, त्यात साडेसात टक्क्यांहून थोड्या जास्त रुग्णांना कॅन्सर झाला.

आणि हा आजार तंबाखूने होत नाही, सुपारीने होतो. हे वाक्य मी रोज उच्चारतो आणि रोज समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास बघतो. सुपारी पूजेत असते, लग्नाच्या बोलणीत असते, जेवणानंतर पाहुण्यापुढे ठेवली जाते. गोड सुपारीची पुडी आपण शाळकरी मुलाच्या हातात देतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी हीच स्वतंत्रपणे माणसात कॅन्सर निर्माण करणारी आहे, असा निर्णय दिला. तंबाखू मिसळली असो वा नसो. पूजेतली सुपारी पूजेत राहो, तिला माझी हरकत नाही. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या सुपारीला आहे, आणि 'आमच्यात तंबाखू नाही, फक्त साधी सुपारी' असं म्हणणाऱ्या प्रत्येक पाकिटाला आहे. विदर्भातला खर्रा आणि पश्चिम महाराष्ट्र-मराठवाड्यातला मावा यांत तर सुपारी, तंबाखू आणि चुना असे तिघेही एकत्र असतात, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गरम-गरम हातात दिलेले. सोबत दारू असेल तर धोका कितीतरी वाढतो.

आता माणूस उशिरा का येतो ते बघू. घरात जखम दिसली की पहिलं निदान ठरलेलं असतं: तोंड आलंय, उष्णता झालीय. मग सब्जा, ज्येष्ठमध, दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, एक मलम. बरं वाटत नाही म्हणून दुसरं मलम. मग गावातला डॉक्टर अँटिबायोटिक देतो, तोंड न उघडताच. दाढ हलतेय म्हणून कुणीतरी ती उपटतं आणि ती जखम भरतच नाही. असे दोन-तीन महिने सहज जातात, आणि या रोगात दोन-तीन महिने म्हणजे एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जाण्याइतका वेळ. मग कुणी जखमेचा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी करायला) सांगितलं, तर घरचे घाबरतात: सुई लावली की पसरतो म्हणे. हा समज किती जीव घेतो याची नोंद कुठल्याच मृत्यूच्या दाखल्यावर येत नाही. तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरत नाही; न तपासल्याने तो कळायला उशीर होतो आणि तेवढ्या काळात पसरतो. तोंडातली कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायचा, हा नियम डॉक्टर, दंतवैद्य, वैद्य, होमिओपॅथ, औषधविक्रेता सगळ्यांनी पाठ करायला हवा.

लवकर सापडला तर फरक किती पडतो? पहिल्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांपैकी दहातले साधारण आठ पाच वर्षांनंतरही असतात. उशीर झाला की हिशेब उलटतो. आणि फक्त जगण्या-मरण्याचा हिशेब नाही. लवकर सापडलेला रोग बहुतेकदा आटोपशीर शस्त्रक्रियेत निघतो. उशिराच्या रुग्णाचा जबडा कापावा लागतो, छातीचा स्नायू किंवा पायाचं हाड आणून ती जागा भरावी लागते, वर सहा-सात आठवडे रोज किरणोपचार. तो माणूस पुन्हा घरच्यांसोबत पंगतीत बसून जेवू शकतो का, फोनवर त्याचं बोलणं समोरच्याला कळतं का, हे प्रश्न आकडेवारीत येत नाहीत. या रोगावर शस्त्रक्रिया कशी करावी याचं जगाला उपयोगी पडलेलं ज्ञान मुंबईतच तयार झालं आहे. लवकरच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या मानेतल्या गाठी आधीच काढाव्यात की नंतर उगवल्या तर, या जुन्या वादाचं उत्तर टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या 2015 च्या अभ्यासाने दिलं: आधी काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत, थांबलं तर साडेसदुसष्ट टक्के. अशी कामगिरी करणाऱ्या राज्यात रुग्ण शल्यविशारदापर्यंत तोंड आतून कुजल्यावर पोचतो, याची मला मनापासून चीड येते.

नुसतं तोंडात बघून मृत्यू कमी होतात, याचा पुरावा आहे का? आहे, आणि तो भारतातला आहे. खेड्यापाड्यांत मोठ्या प्रमाणावर तोंडं तपासण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला, हे फार कमी लोकांना माहीत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंत-संशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत जाऊन 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. आज प्रत्येक जण म्हणतो की खेड्यात जाऊन एवढ्या लोकांना तपासणं शक्य नाही. पन्नास वर्षांपूर्वी, रस्ते नसताना, ते झालं होतं.

पुढचा निर्णायक प्रयोग तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाला. 1996 मध्ये तिथल्या प्रादेशिक कॅन्सर केंद्राने 13 भागांत 35 वर्षांवरच्या 1 लाख 90 हजारांहून अधिक लोकांना घेतलं. सुमारे निम्म्या भागांत आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन तोंड बघत, बाकीच्यांना नेहमीसारखी सेवा. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. त्यांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. तीन फेऱ्यांनंतर 2005 मध्ये निकाल आला. सगळ्या लोकसंख्येचा एकत्र विचार केला, तर दोन गटांतल्या मृत्यूंमधला फरक निर्विवाद म्हणण्याइतका मोठा नव्हता. पण तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तपासलेल्या गटात तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी होते. प्रयोग सुरू झाल्यापासून पंधरा वर्षांनी मोजलं तेव्हाही सवय असलेल्यांमध्ये 24 टक्क्यांची घट टिकून होती. व्यसन नसलेल्यांना फायदा दिसला नाही.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो, कारण सरसकट सगळ्यांची तोंडं तपासण्याच्या मोहिमांवर जे आक्षेप घेतले जातात ते याच मुद्द्यावर असतात, आणि ते रास्त आहेत. दर वर्षी एक सप्ताह साजरा करून शाळा-कॉलेजांतल्या, बँकेतल्या, ज्यांनी आयुष्यात पुडी फोडली नाही अशांच्या तोंडात टॉर्च मारून लाखांचे आकडे वर पाठवले, तर त्याचा कुणालाच उपयोग नाही. ज्या माणसाच्या गालात तंबाखू आहे त्याच्यापर्यंत जायचं, त्याच्याकडे पुन्हा-पुन्हा जायचं. थोडी तोंडं, पण योग्य तोंडं.

कागदावर हे सगळं आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी करायची, असा आराखडा काढला. रक्तदाब, मधुमेह, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यासोबत. त्यानंतर 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. 30 ते 49 वयोगटातल्या किती लोकांनी आयुष्यात एकदा तरी तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घेतली? देशभरात पुरुषांमध्ये 1.2 टक्के, स्त्रियांमध्ये 0.9 टक्के. शंभरातल्या जवळपास नव्याण्णव जणांच्या तोंडात कुणी पाहिलेलंच नाही.

असं का होतं? माझ्या डोळ्यांसमोर जे घडतं त्यावरून सांगतो. आशाताई घरी येते आणि अर्ज भरते. तंबाखू खाता का, तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात चट्टा आहे का. घरात असते सासू, सून, लहान मुलं. ज्याच्या तोंडात बघायचं तो पुरुष दुपारी बारा वाजता शेतात असतो, ट्रकवर असतो, बाजार समितीत हमाली करत असतो. त्याच्या वतीने बायको 'नाही' म्हणते आणि अर्ज पूर्ण होतो. आशाताईंना दोष देण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यावर लसीकरणापासून क्षयरोगापर्यंत आधीच एवढी कामं आहेत आणि मोबदल्याचा बराच भाग कामागणिक मिळतो. तोंड तपासणं हे काम त्यांच्याकडून हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या, आणि त्यांना टॉर्च द्या. नुसता आणखी एक रकाना देऊ नका.

खरं काम उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं आहे. तो प्रशिक्षित आहे, जागेवर आहे, आणि रक्तदाब मोजायला माणसं त्याच्याकडे येतातच. हाताला पट्टा बांधण्याआधी 'आ करा' म्हणायला दोन मिनिटं लागतात. संशयास्पद काही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवरून दंततज्ज्ञाला दाखवता येतो. यंत्रणा आजही आहे, वापर नाही. आणि माणूस घरी सापडत नसेल तर तो जिथे असतो तिथे जायचं. एसटीचे डेपो, पोलिसांची वार्षिक तपासणी, मजूर उभे राहतात ते नाके, आठवडी बाजार. साखर कारखान्याच्या हंगामात बीड-नगरकडून आलेली ऊसतोड टोळी चार-पाच महिने एकाच कारखान्याच्या हद्दीत असते; त्यातल्या कितीतरी गडी-बायांच्या गालात तंबाखू असते आणि गावाच्या यादीत ते तेव्हा नसतात. त्यांची तपासणी कारखान्यावर, फडात व्हायला हवी. हे अवघड काम नाही. हे काम ज्याचं आहे असं कुणाचं तरी नाव त्याच्यापुढे लिहिलेलं नाही, एवढीच अडचण आहे.

दुसरी पायरी याहून वाईट आहे. समजा चट्टा सापडला. पुढे काय? रुग्णाला सांगतात, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलं तर सांगतात, सोमवारी या. एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, रांग. दुखत तर काही नाही. माणूस परत येतो आणि पुन्हा जात नाही. तपासणी झाल्याचा आकडा मात्र वर गेलेला असतो. ज्या तपासणीच्या शेवटी तुकड्याचा अहवाल रुग्णाच्या हातात पडत नाही, त्या तपासणीने एकही जीव वाचत नाही. फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. चट्टा बघायला, तुकडा काढायला, अहवाल आणायला जे तीन-चार हेलपाटे घालावे लागतात त्यांचा खर्च तो स्वतः करतो. जबडा कापायला लाख रुपये द्यायला सरकार तयार आहे. त्याआधीच्या हेलपाट्यांची जबाबदारी कुणीच घेत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि पैशाच्या दृष्टीनेही उफराटं वाटतं.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस तोंडाच्या चट्ट्यांसाठी असावा आणि त्याच दिवशी तिथेच तुकडा काढला जावा. तुकडा प्रवास करेल, माणूस नाही. महाराष्ट्रात दंत महाविद्यालयं कमी नाहीत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी महाविद्यालयं आहेत, खासगी तर शहराशहरांत आहेत. तिथे तोंडाच्या रोगांचे स्वतंत्र विभाग आहेत, तुकडे तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, आणि पदवीनंतर एक वर्ष सक्तीने काम करणारे तरुण दंतवैद्य आहेत. प्रत्येक महाविद्यालयाला चार-पाच तालुके नेमून द्या. आमच्या पेशालाही मी हेच सांगेन: दात पांढरे करून देण्याच्या जाहिराती पुष्कळ झाल्या. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसाची जीभ बाहेर काढून, दोन्ही कडा बघून, गाल उलटून मगच दाताकडे वळायचं, हे आमचं किमान काम आहे.

बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्या या सगळ्यातून निसटतात. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी सकाळी दात घासायला सुरू होते. मग दुपारी एकदा, रात्री एकदा, आणि काही वर्षांनी दिवसातून सहा-सात वेळा. त्यांना 'तंबाखू खाता का' विचारलं तर त्या खरेपणाने 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते दंतमंजन आहे. 'मशेरी लावता का, किती वेळा, लावल्याशिवाय पोट साफ होतं का' असं विचारलं की खरं चित्र समोर येतं. गरोदरपणात मशेरी लावणाऱ्या बाईचं बाळ वजनाने कमी निघतं, हेही माहीत आहे. म्हणजे प्रसूतिपूर्व तपासणीत हा प्रश्न विचारणं दुप्पट गरजेचं आहे. आणि बाईच्या तोंडात चट्टा सापडलाच, तर तिला जिल्ह्याला घेऊन जायला घरात कुणाला सवड नसते. घरातल्या रांगेत ती सर्वांत शेवटी असते. म्हणूनही उपचार गावाजवळ यायला हवा.

आता बंदीकडे. बंदीचा उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. गोव्याने तर 2005 मध्येच गुटख्यावर बंदी आणली होती. पण महाराष्ट्राची बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे, त्या कायद्यात ती एका वेळी एकाच वर्षासाठी काढता येते आणि दर वर्षी नव्याने काढावी लागते. गुटखाबंदी आल्यावर देशात अनेक ठिकाणी उत्पादकांनी पानमसाला एका पाकिटात आणि तंबाखू दुसऱ्या पाकिटात विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दोन्ही फोडून तोंडात एकत्र करतं. शेजारच्या राज्यांतून ट्रक येतात, धाडी पडतात, फोटो छापून येतात. आणि पानठेल्यावर समोर घोटला जाणारा खर्रा तर कारखान्यात बनतच नाही. त्याचा कारखाना प्रत्येक चौकात आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हे 2003 च्या कायद्यात आहे. आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकापासून पहिल्या ठेल्यापर्यंत चालत जाऊन बघा. ठेलेवाल्याच्या पोटाचा प्रश्न मांडला जातो, तो खोटा नाही. पण त्याच ठेलेवाल्याचं तोंडही मी तपासतो, आणि ते बहुतेकदा गिऱ्हाइकापेक्षा वाईट असतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सरकारसोबत 2016 पासून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम चालवला आहे. गावसभांचे ठराव, बायकांचे गट, ठेल्यांवरची विक्री थांबवणं आणि व्यसन सोडू पाहणाऱ्यांना उपचार हे सगळं तिथे एकत्र आहे. मला त्यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. माणूस व्यसन सोडायला तयार असतो असे क्षण फार थोडे असतात, आणि त्यातला सर्वांत खरा क्षण म्हणजे आरशात स्वतःच्या गालावरचा चट्टा दिसतो तो. त्या वेळी त्याला ओरडायचं नाही. त्याला निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगम कसे वापरायचे ते सांगायचं, पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल, डोकं दुखेल हे आधी सांगायचं, रात्री गालात बार ठेवून झोपण्याची सवय आधी सोडवायची, आणि पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा सरकारी मदत क्रमांक त्याच्या फोनमधून तिथेच लावून द्यायचा. सोडल्यावर पांढरे चट्टे अनेकदा विरतात. हे त्याला दाखवता आलं तर तो दुसऱ्याला सांगतो. म्हणून तपासणी आणि व्यसनमुक्ती ही दोन वेगळी खाती असता कामा नयेत.

आर. आर. पाटील 2015 मध्ये, 57 व्या वर्षी, तोंडाच्या कॅन्सरने गेले. राज्याचे गृहमंत्री राहिलेला माणूस. शरद पवारांवर 2004 मध्ये याच रोगासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी आपल्या सवयीबद्दल जाहीरपणे सांगितलं, हे धाडसाचं होतं आणि त्याने कित्येक जण सावध झाले असतील. ज्यांच्या दाराशी डॉक्टर उभे असतात त्यांना हा रोग सोडत नाही, तर खर्रा चघळत ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं काय, असा प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणाने स्वतःला विचारायला हवा होता. विधानसभेत गुटख्याच्या धाडींवर चर्चा होते. किती रुग्ण कोणत्या टप्प्यात सापडले, यावर झालेली चर्चा माझ्या वाचनात नाही.

ही चर्चा खालून सुरू होऊ शकते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीची बैठक होते, पंचायत समितीची होते, ग्रामसभा होते. तिथे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला चारच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लेखी मागायची. गेल्या तीन महिन्यांत तंबाखू, खर्रा किंवा मशेरीची सवय असलेल्या किती जणांची तोंडं उघडून पाहिली? त्यात किती चट्टे, न भरलेल्या जखमा आणि आखडलेली तोंडं सापडली? त्यातल्या किती जणांचा तुकडा काढला गेला, आणि अहवाल किती दिवसांत हातात पडला? आणि या तालुक्यातून कॅन्सर रुग्णालयात गेलेल्या माणसांपैकी किती जण पहिल्या टप्प्यात होते?